चढतं पाणी माशाचं

नाशिकमध्ये गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतात. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीशी आलं, अशा शब्दांत बातमी पंचवटीतून सिडको-सातपूरपर्यंत पोचते. 1969, 2008 आणि 2016 चे पूर घराघरांत अजून याच मापाने सांगितले जातात. नदीतल्या माशाचा पूर मात्र त्याच्या महिना-दीड महिना आधीच सुरू झालेला असतो. त्र्यंबकच्या डोंगरउतारावर, इगतपुरीच्या भातखाचरांत, घोटीकडच्या ओहोळांत मृगाचं पहिलं गढूळ पाणी वाहू लागलं की मासे धारेच्या उलट निघतात. हेच आपले चढणीचे मासे. हे पुस्तक त्या पाण्याबद्दल आहे, त्या माशांबद्दल आहे, आणि त्या दिवसांत हाती गळाची काठी असलेल्या माणसाने कसं वागावं याबद्दल आहे.

पुस्तकात जी मासेमारी आहे ती फ्लाय फिशिंगची. मराठीत या विषयावर फारसं लिहिलं गेलेलं नाही, म्हणून आधी थोडक्यात ओळख. नेहमीच्या गळाला आपण गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतो, दोरीला शिशाचं वजन बांधतो आणि त्या वजनाच्या जोरावर गळ लांब फेकतो. फ्लाय फिशिंगमध्ये गळावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून नकली किडा किंवा नकली चिंगळी बांधतात. तिलाच फ्लाय म्हणतात. ती इतकी हलकी असते की फेकली तरी हातभर जाणार नाही. म्हणून वजन दोरीलाच दिलेलं असतं. जाड, निमुळती दोरी काठीच्या लवचिकपणावर मागे-पुढे झुलवत हवेत लांबवायची आणि तिच्या टोकाची फ्लाय पाण्यावर अलगद टेकवायची. ही विद्या वाढली थंड प्रदेशांतल्या ट्राउट माशावर. आपल्या देशात काश्मीर आणि निलगिरीच्या थंड ओढ्यांत इंग्रजांनी ट्राउट आणून सोडले आणि त्यांच्यामागोमाग ही काठीही आली. उष्ण प्रदेशातल्या नद्यांवर, महसीरसारख्या माशांवर ती कशी चालवावी याचा पहिला मोठा ग्रंथ मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी लिहिला. त्याचं नाव ‘द रॉड इन इंडिया’, साल 1873.

त्या थंड प्रदेशांत वसंतात बर्फ वितळतो आणि नद्या फुगतात. तिकडच्या गळवाल्यांच्या वर्षातला हा सर्वांत अवघड काळ. पाणी गार, वेगवान, मातकट. बहुतेक जण काठ्या गुंडाळून ठेवतात. थोडे मात्र याच पाण्यात मासा कुठे उभा राहतो ते शिकून घेतात. सह्याद्रीत बर्फ नाही, पण नदीच्या वर्षातली ती उलथापालथ आपल्याकडेही आहे. फक्त ती वसंतात न होता मृग आणि आर्द्रा नक्षत्रांत होते.

दोन्ही पुरांची चाल वेगळी आहे, आणि नाशिकच्या वाचकाने हा फरक आधी समजून घ्यायला हवा. बर्फाचं पाणी उन्हाच्या तालावर चालतं. दिवसा वितळतं, काही तासांनी खाली पोचतं, रात्री गारठा वाढला की कमी होतं. हे आठवडेच्या आठवडे चालतं, त्यामुळे अंदाज बांधता येतो. आपलं पाणी पावसाचं. इगतपुरीला वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून जेमतेम 45 किलोमीटरवर नाशिक शहरात सातशेच्या आसपास. म्हणून दारणा नदीच्या काठी खाली कोरडं ऊन असताना वरून गढूळ लोंढा येऊ शकतो. बेसाल्टचे कातळ पाणी मुरू देत नाहीत. ओहोळ तास-दोन तासांत चढतो आणि पाऊस थांबला तर दुसऱ्या सकाळपर्यंत उतरतोही. नदीचं हे चढणं-उतरणं ज्याला वाचता येईल त्यालाच हा काळ कळेल.

मासे का चढतात, याचं उत्तर पोटातल्या अंड्यांत आहे. मे महिन्यात नदी डोहांपुरती उरते. पाणी तापतं, त्यातला प्राणवायू कमी होतो, लहान-मोठे सगळे मासे एकाच डोहात दाटीने दिवस काढतात. पहिल्या पुराने डोह एकमेकांना जोडले जातात. नव्या पाण्याचा गारवा, त्याचा वेग, त्यातला मातीचा अंश यांचा इशारा माशाला मिळतो आणि तो उथळ पाण्याकडे निघतो. पाण्याखाली गेलेले गवताळ काठ आणि भातखाचरं ही पिलांसाठी उत्तम जागा. तिथे पाणी उबदार असतं, सूक्ष्मजीवांचं खाद्य मुबलक असतं आणि मोठे शिकारी मासे पोचत नाहीत. रोहू, कटला, मृगळ हे मासे तर पुराशिवाय अंडी घालतच नाहीत. तळ्यात वर्षानुवर्षं पाळले तरी मादीच्या पोटात अंडी भरतात आणि तशीच जिरून जातात. यावर तोड निघाली 10 जुलै 1957 रोजी. ओडिशातल्या अंगुलला हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूलगतच्या ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना अंडी घालायला लावलं. आज आपल्या शेततळ्यांत सोडलं जाणारं मत्स्यबीज हे त्या प्रयोगाचं फळ आहे. म्हणजे कारखान्यासारखं मत्स्यबीज तयार करतानाही माणसाला शेवटी पुराचीच नक्कल करावी लागली.

रानातल्या माशाला इंजेक्शन देणारं कोणी नसतं. त्याला चढावंच लागतं. मळ्या हा बोटाएवढा मासा घ्या. कातळावरून पांढरी धार पडत असते आणि मळ्या त्या धारेतच असतो. त्याच्या डोक्याच्या खालच्या बाजूला, तोंडामागे, मांसल गोल चकती असते. ती तो ओल्या दगडावर दाबतो, छातीचे दोन्ही पर आडवे पसरतो आणि धार अंगावरून जाऊ देतो. धारेचा जोर क्षणभर ओसरला की शेपटीचा एक हिसका देऊन वीतभर वर सरकतो आणि पुन्हा चिकटतो. असं करत तो पुरुषभर उंचीचा कातळ चढून जातो. बॅटरीच्या उजेडात हे बघितलं की ‘चढण’ म्हणजे काय ते डोळ्यांना पटतं.

या मळ्याचं शास्त्रीय नाव गारा मुल्या. ते नाव दख्खनमधल्या मासेमाराच्या तोंडचं आहे. लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांनी मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करताना भीमा, मुळा-मुठा, इंद्रायणी या नद्यांतले मासे जमवले आणि 1839 मध्ये त्यांची वर्णनं प्रसिद्ध केली. त्यांनी अनेक माशांना इथल्या लोकांच्या तोंडचीच नावं दिली. गारा मुल्या, नाकावर शिंगासारखा उंचवटा असलेला नुक्ता आणि दख्खनच्या महसीरचं टोर खुद्री ही नावं त्यांतलीच. जगभरच्या मत्स्यशास्त्रात हे शब्द रोज वापरले जातात. आपल्या नद्यांचं ज्ञान आपल्याच कोळ्यांकडे होतं, याचा हा छापील पुरावा आहे.

आता फ्लायकडे वळू. थंड प्रदेशात नदीतून उडणाऱ्या किड्यांच्या झुंडी निघतात आणि गळवाला त्यांच्यासारखी फ्लाय बांधतो. आपल्याकडे ती झुंड जमिनीतून निघते. पहिल्या वळवानंतर किंवा मृगाच्या सरीनंतर संध्याकाळी वारुळांतून पंख फुटलेली वाळवी हजारोंनी बाहेर पडते. दिव्याभोवती तिचा खच पडतो हे प्रत्येकाने पाहिलेलं आहे. नदीकाठच्या वारुळांतली वाळवी पाण्यावर पडते, तिचे पंख भिजून चिकटतात आणि मासे एकामागून एक वर येऊन ती टिपतात. तपकिरी दोऱ्याचं अंग आणि करड्या पिसाचे दोन पंख, एवढ्यावर ही फ्लाय बांधून होते. त्याच दिवसांत काठच्या जांभळी पिकलेल्या असतात, उंबरांचा सडा पडत असतो. महसीर फळं खातो. त्याच्या जबड्यात दात नाहीत, घशात आहेत, आणि ते इतके बळकट की गोगलगायीचे शंख त्यांत भरडले जातात. झाडाखालच्या पाण्यात जांभळाएवढी काळी-जांभळी फ्लाय पडू द्यावी ही युक्ती यावरूनच सुचते. गढूळ पाण्यात तर गडद रंगच उपयोगी. मातकट उजेडात चमकणारी वस्तू दिसत नाही, काळी आकृती दिसते.

फ्लाय कोणती यापेक्षा ती कधी आणि कुठे टाकायची हे जास्त महत्त्वाचं. इगतपुरी तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या कोळीबाबांनी ते मला दोन वाक्यांत सांगितलं. “भाऊ, चढत्या पाण्यात मासा वाटेला लागलेला असतो, त्याचं खाण्याकडं ध्यान नसतं. पाणी उतरू द्या, मग तो खायला लागतो.” बर्फाच्या नद्यांवरचे जाणकारही याच निष्कर्षाला आलेले आहेत. पाणी चढत असताना थांबावं, ते उतरून निवळू लागलं की काठी काढावी. पाणी उतरतंय हे कसं ओळखायचं? काठावर पालापाचोळ्याची ओली रेघ पडते. रेघ पाण्याच्या वर असेल आणि दोघांतलं अंतर वाढत असेल तर नदी उतरते आहे. पाचोळा रेघ सोडून पुन्हा तरंगू लागला तर ती चढते आहे. रंगही सांगतो. त्र्यंबकच्या मुरमाचं पाणी तांबूस येतं, निफाडच्या काळ्या रानातलं पाणी काळपट. वेळू किंवा काठी बुडवून तिचं टोक हातभर खोलीपर्यंत दिसू लागलं की माशालाही फ्लाय दिसते.

जागा तर बहुतेकांना उलटीच वाटते. पूर असला की नवखा माणूस मधल्या धारेकडे बघत बसतो. मासा तिथे नसतो. एवढ्या धारेत उभं राहायला त्याला जी ताकद लागेल ती कोणत्याही खाद्याने भरून निघणार नाही. तो काठाला येतो. वाकलेल्या करंजाच्या मुळांशी, मोठ्या दगडाच्या पाठीमागे, जिथे धार वळून उलटी फिरते तिथे, बुडालेल्या गवताच्या कडेने. अनेकदा तो आपल्या पायांपासून दोन हातांवर असतो. म्हणून पुराच्या दिवसांत पाण्यात उतरायचं नाही हा नियम दोन अर्थांनी खरा आहे. उतरलात तर मासा पळतो, आणि शेवाळल्या कातळावरून पाय निसटला तर माणूस वाहून जातो. धरणाखालच्या पात्रात तर भोंगा वाजल्यावर क्षणभरही थांबू नये. सोडलेलं पाणी आपल्या डोळ्यांदेखत वाढतं.

इथवर कसबाची गोष्ट झाली. पण कोळीबाबांच्या त्या वाक्यांत कसबाहून मोठी गोष्ट आहे, आणि तीच या पुस्तकाचा कणा आहे. चढतं पाणी माशाचं, उतरतं पाणी आपलं. चढणीचा मासा पकडणं अवघड नाही, अतिशय सोपं आहे. रस्त्याखालच्या मोरीशी मासे अडून थांबतात. रात्री बॅटरी घेऊन लोक येतात, काठी मारतात, मच्छरदाणी आडवी धरतात, नुसत्या हातांनीही उचलतात. असा मासा तळहातावर घेतला की त्याचं पोट टच्च लागतं. बोटाचा जरा दाब पडला तर पिवळसर अंड्यांची धार हातावर उतरते. त्या धारेत पुढच्या वर्षीचा ओहोळ असतो. गरीब घराला पावसाळ्याच्या तोंडाशी मिळालेलं ते कालवण मी नाकारत नाही. डोंगरातल्या महादेव कोळी, ठाकर, कातकरी घरांनी पिढ्यानपिढ्या चढणीचे मासे खाल्ले आणि नदी भरलेलीच राहिली. नदी रिकामी होते ती ब्लीचिंग पावडरीने, सुरुंगाने, विजेच्या तारेने आणि बाजारासाठी अडवलेल्या अख्ख्या ओहोळाने. पाण्यात स्फोटकं आणि विष वापरण्याला 1897 च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून बंदी आहे. समुद्रात 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौका बंद राहतात आणि नारळी पौर्णिमेला कोळी बांधव दर्याला नारळ वाहतात. अंडी भरलेल्या माशाला सवड द्यावी हा विचार किनाऱ्यावर सर्वांना मान्य आहे. तो घाटावरच्या ओहोळांपर्यंत यायला हवा, आणि त्याची सुरुवात हौसेने मासे धरणाऱ्याने करावी, कारण त्याची चूल माशावर अवलंबून नसते.

माशाच्या वाटेतला दुसरा अडसर आपण दगड-मातीने बांधला आहे. गोदावरी ब्रह्मगिरीवरून निघून 1465 किलोमीटर वाहते, पण तिच्या उगमाजवळच्या भागातच अडवलेलं पाणी ठायी ठायी दिसतं. दारणेवर 1916 चं धरण, गोदावरी-कादवा संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा, शहराच्या वर 1965 मध्ये पूर्ण झालेलं गंगापूरचं मातीचं धरण, आणखी वर काश्यपी, गौतमी. या धरणांनी नाशिक जिल्हा पिकवला, शहराला पाणी दिलं, हे ऋण मोठं आहे. माशासाठी मात्र दोन गोष्टी बदलल्या. वाट बंद झाली, आणि पुराची वेळ बदलली. मृगाचं पाणी आता आधी धरण भरतं. रामकुंडाला पूर दिसतो तो बहुतेक वर्षी जुलैच्या उत्तरार्धात किंवा ऑगस्टमध्ये, क्युसेकच्या आकड्यांत जाहीर झालेल्या विसर्गाने. ज्या इशाऱ्यावर मासा जूनमध्ये निघायचा तो इशारा धरणाखाली उशिरा येतो. आणि जूनमध्ये जे थोडं पाणी येतं ते शहरातल्या गटारांनी आणि नासर्डीसारख्या नाल्यांनी उन्हाळाभर साठवलेली घाण घेऊन येतं. सडणारा गाळ पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतो. त्या सकाळी मासे तोंड वर काढून हवा ओढताना दिसतात, आणि पुष्कळदा मेलेलेही.

महसीरची कहाणी इथे सांगायला हवी, कारण तीत आशा आणि धडा दोन्ही आहेत. टाटा पॉवरच्या लोणावळ्यातल्या वळवण इथल्या केंद्रात गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकापासून महसीरची पैदास होते. तिथली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिलं, देशभरच्या जलाशयांत सोडली गेली. दख्खनचा एक मोठा मासा माणसाच्या प्रयत्नाने टिकला. पण ती बोटुकली कावेरीतही गेली, आणि तिथला खास पाठीवर कुबड असलेला महसीर आपल्याच नदीत मागे पडला. त्याला त्याचं पक्कं शास्त्रीय नाव मिळायला 2018 उजाडलं, तोवर तो नामशेष होण्याच्या काठावर पोचला होता. म्हणून पिलं सोडणं हा नदी वाचवण्याचा सोपा मार्ग समजू नये. ज्या नदीचा मासा त्या नदीतच चढता राहिला पाहिजे. याचं जवळचं उदाहरण वैतरणेवर आहे. त्र्यंबकच्याच डोंगरांत उगम पावून ती पश्चिमेला उतरते आणि वाडा तालुक्यात तिळसे इथे महादेवाच्या देवळाशी तिच्या डोहातले महसीर गावाने राखलेले आहेत. तिथे कोणी गळ टाकत नाही. गावाने मनावर घेतलं तर काय होतं ते तिथल्या पायऱ्यांवर उभं राहून बघावं.

पुस्तकाची मांडणी या विचारावरूनच केली आहे. पहिल्या भागात पाणी आहे: पाऊस, कातळ, उतार, धरणं, विसर्ग. दुसऱ्या भागात मासे आहेत: मळ्यापासून महसीरपर्यंत कोण कधी चढतो, कुठे थांबतो, काय खातो. तिसऱ्या भागात काठी, दोरी, फ्लाय बांधणं, फेकणं, बिनकाट्याचा गळ वापरणं, मासा पाण्यातच ठेवून सोडवणं. फ्लायवाल्याचं वेळापत्रकही तिथेच आहे. त्यात चढणीचे आठवडे मोकळे सोडलेले आहेत. त्या दिवसांत बघायचं, लिहायचं, काठी पिशवीत ठेवायची. परवानगीबद्दलही तिथे स्पष्ट लिहिलं आहे. जलाशयांतली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांच्या हक्काची असते, त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नये. नांदूर मध्यमेश्वर हे अभयारण्य आहे, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ आहे. तिथे दुर्बीण न्यावी, काठी नेऊ नये.

शेवटी एक काम वाचकाच्या हाती द्यायचं आहे. आपल्या गावच्या मोरीशी दर पावसाळ्यात जाऊन तारीख लिहा: पहिलं पाणी कधी आलं, मासे कधी चढले, कुठे अडले. पुष्कळ मोऱ्यांचे पाइप ओढ्याच्या तळापेक्षा हात-दीड हात उंच बसवलेले असतात. पाणी त्यांतून खाली पडतं आणि मासा खाली अडतो. पाइपाचा तळ ओढ्याच्या तळाला, किंबहुना किंचित खाली ठेवला आणि त्यात चार दगड राहू दिले तर तोच मासा वर जातो. खर्चात फारसा फरक पडत नाही. 2027 च्या सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिक-त्र्यंबक परिसरात रस्ते आणि पूल होत आहेत, म्हणून हे सांगण्याची वेळ आत्ताच आहे. तुमच्या वहीतल्या तारखा आणि अडलेल्या माशांच्या जागा घेऊन ग्रामपंचायतीत जा, बांधकाम खात्याच्या अभियंत्याला ती मोरी दाखवा, धरणाखाली मृगात एखादं लहान आवर्तन माशांसाठी सोडता येईल का हे पाटबंधारे खात्याला विचारा. फ्लाय फिशिंग शिकवणाऱ्या पुस्तकाने एवढी मागणी करावी हे मला योग्य वाटतं. वर चढलेला मासाच उतरत्या पाण्यात आपल्या फ्लायकडे येणार आहे, आणि तो चढला नाही तर या पुस्तकाला पुढच्या पिढीत वाचक राहणार नाही.